औषध चढेपर्यंतचा अर्धा तास

हिंगोलीहून नांदेडकडे निघालं की कळमनुरी मागे पडल्यावर आणि वारंगा फाटा येण्याआधी आखाडा बाळापूर लागतं. बाजारपेठेचं गाव, आजूबाजूला हळद, सोयाबीन, कापूस. इथल्या घरात कॅन्सरचं निदान झालं की पुढच्या वाटा साधारण ठरलेल्या असतात. आधी नांदेड. मग कुणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, कुणी बार्शीला, कुणी देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला, परळच्या ‘टाटा’ला. ऑपरेशन तिथे होतं, केमो तिथे चढते, शेक तिथे दिला जातो. दुखणं मात्र पेशंटबरोबर घरी येतं, आणि ते घरी आलं की रात्री उठतं.

दिवसा माणसं असतात, विचारपूस असते, कुणी चहा आणून देतं. रात्री दोन वाजता पाठीत कळ उठते तेव्हा शेजारी एकच माणूस जागं असतं, बहुधा सून, लेक नाहीतर बायको. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी डब्यातून काढून देता येते. पण तोंडावाटे घेतलेली मॉर्फिनची साधी गोळी लागू पडायला साधारण अर्धा तास घेते. या अर्ध्या तासात करायचं काय, हे कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. पेशंट कण्हतो, दात आवळतो, श्वास रोखून धरतो. जवळचं माणूस पाय चेपतं, देवाचं नाव घेतं आणि घड्याळ बघतं. श्वासाच्या व्यायामांची खरी जागा हा अर्धा तास आहे. त्यापेक्षा मोठी जागा त्यांना देऊ नये आणि एवढी जागा त्यांची हिरावूनही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठी जागा देणारे पुष्कळ आहेत, म्हणून आधी तेवढं निस्तरून घेऊ. ‘प्राणायामानं शरीरात ऑक्सिजन वाढतो आणि ऑक्सिजनमध्ये कॅन्सर जगत नाही’ असे संदेश मोबाइलवर सतत फिरतात, आणि त्यात जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वारबुर्ग यांचं नाव हमखास गोवलेलं असतं. वारबुर्गना १९३१ साली नोबेल मिळालं हे खरं. पण कॅन्सरच्या पेशींबद्दल त्यांना दिसलं ते या संदेशाच्या नेमकं उलट होतं. भरपूर ऑक्सिजन असतानाही या पेशी साखर आंबवण्याच्या मार्गानं वापरत राहतात. दुसरं असं, की फुप्फुसं धड असलेल्या माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९६ ते ९९ टक्के ऑक्सिजननं भरलेलंच असतं. त्यात आणखी भरायला जागाच नसते.

हे आपल्याकडे फार पूर्वी एका योगाभ्यासकानं प्रयोग करून सांगितलं आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढलं. साधकांच्या श्वासातले वायू मोजणं, रक्तदाब मोजणं, क्ष-किरण चित्रं घेणं हे त्यांनी योगविद्येत आणलं. प्राणायामात ऑक्सिजन जास्त शोषला जातो ही समजूत त्यांनी नाकारली, आणि प्राणायामाचं मोल मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे असं मांडलं. पुढच्या शंभर वर्षांतलं संशोधन याच दिशेला गेलं.

वेदना ही जखमेपासून मेंदूपर्यंत ओढलेली सरळ तार नव्हे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक सिद्धान्त मांडला. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक दार असतं, वेदनेचे संदेश त्यातून वर जातात, आणि ते दार किती उघडायचं यात वरून मेंदूही हात घालतो. तपशिलात पुढे बरीच दुरुस्ती झाली, पण मुख्य गोष्ट टिकली. भीती, जाग्रण, एकटेपणा यांनी तीच गाठ जास्त दुखते; धीर आणि झोप यांनी तीच गाठ कमी दुखते. त्याच सुमारास लंडनमध्ये सिसिली साँडर्स मरणाच्या दारातल्या पेशंटांचं ऐकत बसल्या होत्या. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, शेवटी डॉक्टर. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं केलं. शरीराची कळ, मनाचा घोर, घरच्यांची काळजी, पैशाची चिंता आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, हे सगळं मिळून एकच दुखणं होतं, असं त्या म्हणत. बाळापूरच्या पेशंटला हे समजावून सांगावं लागत नाही. मुलीचं लग्न राहिलंय, हळद शिजवायची राहिलीय, कर्ज काढून केमो घेतली, हे सगळं रात्री दोन वाजता पाठीच्या मणक्यातच ठणकतं.

आता श्वास. हृदय, आतडी, घाम यांवर आपली थेट हुकमत नाही. श्वास झोपेतही आपोआप चालतो, आणि मनात आलं तर हाती घेता येतो. मेंदूच्या देठात श्वासाचा ताल धरणारा पेशींचा एक छोटा पुंजका आहे. मेंदूशास्त्रज्ञ जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली तो नेमका दाखवला. २०१७ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की त्याच पुंजक्यातल्या काही पेशी मेंदूला जागं आणि सावध ठेवणाऱ्या केंद्राला खबर देतात. तेवढ्या पेशी काढल्या तर उंदीर श्वास नीट घेत राहिले, पण विलक्षण शांत झाले. म्हणजे श्वासाची गती आणि मनाची धास्ती यांच्यात सरळ वाट आहे. उंदरांवरून माणसाबद्दल फार बोलू नये हे खरं, तरी दुखताना धाप लागलेल्या माणसाला शांत व्हायला का जमत नाही याचा एक धागा इथे सापडतो.

दुसरी वाट छातीतून जाते. मनगटावर बोटं ठेवून स्वतःची नाडी बघा. श्वास आत घेताना ती किंचित घाई करते, सोडताना मंदावते. तरुण माणसात हे बोटांना सहज जाणवतं. श्वास सोडताना व्हेगस नावाची लांबलचक नस हृदयाला आवरते, उतारावर गाडीवानानं बैलांचा कासरा ताणून धरावा तशी. सोडणं जितकं लांबेल तितका वेळ कासरा ताणलेला राहतो. उलट दुखणारा माणूस भराभर, छातीच्या वरच्या भागानं श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळल्यासारखी वाटते. मग ‘आता काहीतरी भलतंच होतंय’ ही भीती मूळ दुखण्यावर चढते.

प्रयोगांत काय दिसलं? २०१० साली अमेरिकेत काही स्त्रियांच्या तळहाताला चटका बसेल न बसेल अशी उष्णता देऊन वेदना मोजली गेली, एकदा नेहमीच्या श्वासात आणि एकदा त्याच्या निम्म्या गतीनं. मंद श्वासात वेदनेची तीव्रता कमी वाटली आणि तिचा जाचही. पण सर्वांगदुखीचा जुनाट आजार असलेल्या स्त्रियांना हा फायदा निरोगी स्त्रियांइतका खात्रीनं मिळाला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. जुनं, मुरलेलं दुखणं श्वासाला लवकर दाद देत नाही. २०१२ सालच्या एका जर्मन प्रयोगातून आणखी कामाची गोष्ट निघाली. मंद श्वास दोन तऱ्हांनी करून घेतला. एकीत तो अचूक जमवण्यासाठी सारखं लक्ष द्यावं लागे, दुसरीत अंग सैल सोडून नुसतं सोबत जायचं होतं. वेदना जाणवू लागण्याची पातळी वाढली ती दुसऱ्या तऱ्हेत. म्हणून मोजायचं काम पेशंटला देऊ नये. मोजणारं माणूस शेजारी हवं.

खुद्द कॅन्सरच्या पेशंटांत झालेले अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि त्यांत श्वास, आसनं, विश्रांती यांची सरमिसळ आहे. आपल्याकडचा मोठा अभ्यास टाटा मेमोरियलचा. स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत प्राणायाम आणि शवासनासह बेतशीर योगाभ्यास शिकवला गेला. योग करणाऱ्या गटात थकवा आणि वेदना कमी राहिली. २०२२ साली कॅन्सरतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संस्थांनी मिळून वेदनेसाठी पूरक उपायांची मार्गदर्शिका काढली. स्तनाच्या किंवा डोके-मानेच्या कॅन्सरवरच्या उपचारांनंतर मागे राहणाऱ्या दुखण्यासाठी हठयोग सुचवता येईल, असं तीत म्हटलं आहे. सुचवता येईल, एवढंच. औषधाऐवजी असं कुठेही नाही.

आता त्या रात्रीच्या खोलीत येऊ.

गोळी दिली. पेशंटला उताणं सपाट ठेवू नका. पाठीशी दोन उशा किंवा गुंडाळलेली गोधडी, गुडघ्यांखाली एक उशी, म्हणजे पोट सैल पडतं. कुशीवर बरं वाटत असेल तर कुशीवर. साडीची गाठ, पायजम्याची नाडी ढिली करा. शेजारच्या माणसानं आपला हात पेशंटच्या पोटावर, बेंबीच्या वर अलगद ठेवावा. तिथे टाके किंवा गाठ असेल तर खांद्यावर. आणि मग ‘दीर्घ श्वास घे’ असं मुळीच म्हणू नये. दुखणाऱ्या माणसाला असं सांगितलं की तो खांदे वर उचलून हवा भरतो आणि रोखून धरतो. सुरुवात सोडण्यापासून करायची.

‘माय, दम सोड. हळूच. अजून थोडा सोड. आता येईल तेवढा येऊ दे.’

एवढंच. आत किती घ्यायचा ते शरीर बघून घेतं. पहिली दोन-तीन मिनिटं पेशंटच्या गतीनंच चालायचं. तो मिनिटाला चोवीस श्वास घेत असेल तर एकदम सहावर आणायला गेलात तर तो गुदमरेल आणि हात झटकेल. आपणही त्याच्यासोबत, त्याला ऐकू येईल असा श्वास सोडायचा आणि दर चार-पाच श्वासांनी आपलं सोडणं किंचित लांबवायचं. त्याचा श्वास बहुतेक वेळा मागोमाग येतो. जमलंच तर मनात चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. नाही जमलं, दहा-बारावर थांबलं, तरी चालेल. मध्ये कळ आली की त्या क्षणी सोडणं सुरू करायचं. बाळंतीण कळ येताना श्वास कोंडते तेव्हा जुन्या जाणत्या सुइणी तिला श्वास सोडायला लावतात. फ्रेंच डॉक्टर फर्नां लामाझ यांनी १९५० नंतर पॅरिसमध्ये त्याच धर्तीची पद्धत बसवली आणि ती जगभर गेली.

रात्री कळ उठल्यावर हे पहिल्यांदा शिकवायला गेलात तर जमणार नाही. दुखणं कमी असतं तेव्हा, सकाळी चहानंतर आणि दिवेलागणीला, पाच-दहा मिनिटं सराव हवा. सवयीनं अंगाला हात आणि आवाज ओळखीचे होतात. हाडांत पसरलेल्या कॅन्सरमध्ये कूस बदलणं हीच शिक्षा असते. तिथे डॉक्टरांनी सांगितलेला डोस अर्धा तास आधी द्यायचा, दोघांनी मिळून चादरीसकट वळवायचं आणि वळवणं पेशंटच्या सोडत्या श्वासावर करायचं. जखमेचं ड्रेसिंग काढताना चिकटलेली पट्टी आधी सलाइनच्या पाण्यानं भिजवायची, आणि ओढायची तीही सोडत्या श्वासावर.

आपल्या भागात तोंडाचे कॅन्सर पुष्कळ. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू सुटलेली नाही. ज्याचा जबडा उघडत नाही, ओठ मिटत नाहीत, नाकात अन्नाची नळी आहे, त्याला ओठांचा चंबू करून फुंकर मारायला सांगणं म्हणजे त्याचा पाणउतारा आहे. गळ्याला छिद्र पाडलेलं असेल तर श्वास तिथूनच ये-जा करतो, तिथे भ्रामरीचा गुंजार निघणारच नाही. अशा पेशंटच्या तळहातावर बोटानं रेघ ओढत जावं, मनगटाकडून बोटांच्या टोकाकडे सावकाश, म्हणजे सोडणं. टोकाकडून उलटी, जराशी भरभर, म्हणजे घेणं. बोलावं लागत नाही, ऐकू कमी येत असलं तरी चालतं.

कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं हे मात्र या आजारात घरच्या घरी करू नये. पोटाचं ऑपरेशन झालेलं, बरगडीत किंवा मणक्यात आजार पसरलेला, मेंदूत गाठ, पोटावर शौचाची पिशवी, केमोनं प्लेटलेट उतरलेल्या, यांपैकी काहीही असेल तर हिसक्यानं इजा होऊ शकते. आणि काही दुखणी अशी असतात की तिथे श्वास मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं. पाठदुखी एकाएकी वाढली आणि पाय लुळे पडू लागले, लघवी-संडासावरचा ताबा गेला तर मज्जारज्जू दाबला जातोय. त्याच रात्री गाडी करून निघायचं. केमो चालू असताना ताप आला, अचानक दम लागला, तरी तसंच.

दम लागण्याची गोष्ट निघालीच आहे तर एक साधा उपाय. फुप्फुसात आजार असलेल्या माणसाला धाप लागते तेव्हा चेहऱ्यावर, नाका-ओठांच्या आसपास वारा घातल्यानं बरं वाटतं. २०१० साली इंग्लंडमध्ये छोट्या हातपंख्यावर याची रीतसर चाचणी झाली. चेहऱ्यावर वारा घेतला तेव्हा दम लागणं कमी वाटलं, पायावर घेतला तेव्हा नाही. वीज गेली तर विंझणा आहे, पुठ्ठा आहे.

नर्सी नामदेव इथून लांब नाही, आणि संध्याकाळचा हरिपाठ या भागातल्या कितीतरी घरांत होतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी लॅटिनमधली जपमाळ आणि एक बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला जवळपास सहावर आला. हरिपाठावर तसं कुणी यंत्र लावलं असो वा नसो, एका दमात चरण म्हणायचा आणि मग श्वास घ्यायचा, यात सोडणं आपोआप लांबतंच. ज्याला ‘प्राणायाम कर’ म्हटलं की अवघड वाटतं त्याला हरिपाठ अवघड वाटत नाही. मुस्लिम घरात तसबीह असेल, बौद्ध घरात आनापान. आनापानाचं एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात व्यापारी होते, अर्धशिशीनं बेजार होते, तिच्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायचे. १९५५ साली ते विपश्यनेचे आचार्य ऊ बा खिन यांच्याकडे शिकायला गेले. नुसतं डोकेदुखीसाठी आला असशील तर शिकवणार नाही, असं गुरूंनी आधी सांगितलं. पुढे याच गोयंकांमुळे १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. तिथलं दहा दिवसांचं शिबिर आजार पसरलेल्या पेशंटसाठी नाही. पण नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघत राहणं अंथरुणातही होतं.

मॉर्फिनबद्दल मात्र मला तळमळीनं बोलायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या तीन पायऱ्या सांगितल्या. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ साली, अमली पदार्थांचा कायदा आला आणि कागदपत्रांच्या धास्तीनं दुकानांनी, दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणं सोडलं. आपल्याच देशात, मध्य प्रदेश आणि राजस्थानात, सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि आपलीच माणसं मॉर्फिनवाचून तळमळत गेली. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, मॉर्फिन अत्यावश्यक अमली औषधांत आलं, मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. तरी ‘सवय लागेल’, ‘म्हणजे आता शेवटच आला’ ही भीती घराघरांत आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, त्यासाठी सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. २०१६ सालच्या एका जागतिक आढाव्यात आजार पसरलेल्या पेशंटांपैकी ६६ टक्के लोकांनी वेदना सांगितली होती. एवढ्या माणसांना श्वास शिकवून औषधाची उणीव झाकता येणार नाही, आणि कुणी तसा प्रयत्न करू नये.

म्हणून उशाशी एक वही ठेवा. मुलांच्या शाळेची अर्धवट राहिलेली चालेल. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही; पेशंटनं बोटं दाखवून आकडा सांगायचा. कळ उठल्याची वेळ, आकडा, दिलेली गोळी, मग श्वास, आणि अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा आकडा. गावातल्या आशाताईंना दाखवलं तर त्याही हे भरून घेतील. श्वासानं मधला काळ सुसह्य झाला आणि नंतर आकडा आठावरून तीनवर आला, तर डोस बरोबर आहे. आठाचा सातच राहिला, किंवा ठरलेल्या चार तासांच्या आत रोज कळ उठायला लागली, तर पेशंटचा श्वास चुकला असं समजू नका, त्याला तसं म्हणू तर अजिबात नका. डोस अपुरा पडतोय. वही घेऊन, नाहीतर तिच्या पानांचा फोटो पाठवून, डॉक्टरांना डोस वाढवायला सांगा.